वसतिगृहातले कॅथलिक सण

कॅथलिक ख्रिस्तसभेच्या पंचांगात वर्षातला जवळजवळ प्रत्येक दिवस कोणत्या ना कोणत्या संताच्या नावे लागलेला असतो. मात्र हे सगळे दिवस सारख्या तोलाचे नसतात. पोप सहावे पॉल यांनी १९६९ साली पंचांगाची फेररचना केली. तेव्हापासून सोहळा, सण आणि स्मरणदिन अशा तीन पायऱ्या मानल्या जातात. नाताळ आणि ईस्टर हे सोहळे, प्रेषितांचे दिवस बहुतेक सण आणि उरलेल्या संतांचे स्मरणदिन. त्या स्मरणदिनांतले कितीतरी ऐच्छिक आहेत. भारतात रविवारांखेरीज नाताळ आणि १५ ऑगस्ट, एवढ्या दोनच दिवशी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाणे बंधनकारक आहे. थोडक्यात, शिक्षणासाठी घर सोडून आलेल्या कॅथलिक विद्यार्थ्यावर सक्ती फार थोड्या दिवसांची असते आणि बाकीचे दिवस ज्याने त्याने आपल्या आवडीने निवडायचे असतात. सगळे पंचांग पाळायला निघालेला विद्यार्थी आठवडाभरात दमतो. वर्षातून दहा-बारा दिवस ठरवून पाळणाऱ्याचे निभते.

घरी सण आपोआप होतो. आई आठवण करते, देवळात नोव्हेना, म्हणजे सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, चालू असते, पाहुणे येतात. वसतिगृहात यातले काही नसते. खोलीत शेगडी चालत नाही, मेणबत्तीला बंदी असते, रात्री ठरल्या वेळेच्या आत परतावे लागते आणि महिनाअखेरीला खिसा रिकामा असतो. तरीही सणाची मूळ अंगे तीनच आहेत: मिस्सा किंवा प्रार्थना, काहीतरी वेगळे खाणे आणि कोणा दुसऱ्यासाठी काही करणे. तिन्ही अंगे कितीही लहान करता येतात. रोजची मिस्सा साधारण अर्ध्या तासात होते आणि शहरांतल्या बऱ्याच चर्चमध्ये ती पहाटे किंवा संध्याकाळी असल्याने लेक्चर बुडत नाही. रविवारचे बंधन शनिवारी संध्याकाळच्या मिस्सानेही पूर्ण होते, अशी धर्मसभेच्या कायद्यातच तरतूद आहे. स्पर्धा परीक्षा बहुधा रविवारी ठेवल्या जातात. त्या देणाऱ्यांनी ही तरतूद लक्षात ठेवावी.

सगळ्यांत जुना सण म्हणजे रविवारच. पहिल्या शतकातले ख्रिस्ती लोक पुनरुत्थानाची आठवण म्हणून आठवड्याच्या या पहिल्या दिवशी एकत्र जमत. नाताळ पुढे कित्येक पिढ्यांनी आला. पुण्यातल्या मेसमध्ये रविवारी दुपारी गोडाधोडाची फीस्ट असते आणि संध्याकाळी मेस बंद. दोघा-चौघांनी मिळून संध्याकाळची मिस्सा गाठली आणि येताना अंडाभुर्जी-पाव खाल्ला, तरी रविवार पाळला गेला.

महाराष्ट्र आणि गोव्यात कॉलेजचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि पहिला गमतीचा सण त्याच महिन्यात येतो. २४ जून हा बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा जन्मदिन. गोव्यात त्याला सांजाव म्हणतात. पाने, वेली आणि रानफुलांचा मुकुट, म्हणजे कोपेल, डोक्यावर घालून तरुण मंडळी विहिरीत उड्या टाकतात. मरिया भेटायला आली तेव्हा योहानाच्या आईच्या, म्हणजे एलिझाबेथच्या, पोटातल्या बाळाने उडी मारली, या शुभवर्तमानातल्या प्रसंगाशी लोक त्या उड्यांचे नाते जोडतात. शहरातल्या वसतिगृहात विहीर कुठून येणार? पण पावसाळ्यात आवारातल्या वेलींचा तुटवडा नसतो. कोपेल वळायला अर्धा तास पुरतो आणि पहिल्या पावसात भिजायला मुकुट घालूनच जावे.

जुलैच्या ४ तारखेचा संत मात्र विद्यार्थ्यांच्या अगदी जवळचा आहे. पिएर जॉर्जियो फ्रासाती १९०१ साली इटलीतल्या तुरीन शहरात जन्मला. वडील एका मोठ्या वर्तमानपत्राचे मालक होते. मुलगा खाणकाम अभियांत्रिकी शिकत होता. सुट्टीत डोंगर चढायचा आणि एरवी शहरातल्या गरीब वस्त्यांत औषधे, कपडे आणि जोडे पोचवत फिरायचा. ट्रामचे पैसे कोणाला तरी देऊन टाकायचे आणि घरी पायी यायचे, ही त्याची नेहमीची रीत. पदवी हाती येण्यापूर्वीच, १९२५ साली, वयाच्या २४व्या वर्षी पोलिओने तो गेला. अंत्ययात्रेला गरिबांची एवढी गर्दी लोटली की मुलगा काय करत होता हे घरच्यांना तेव्हा नीट कळले. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप चौदावे लिओ यांनी त्याला संत घोषित केले. त्याच दिवशी कार्लो अकुतिस हाही संत झाला. संगणकाची आवड असलेला हा मुलगा २००६ साली पंधराव्या वर्षी वारला आणि त्याचा दिवस १२ ऑक्टोबरला येतो.

फ्रासातीचा दिवस पाळायला सह्याद्रीइतकी सोयीची जागा नाही. ४ जुलैच्या आसपासचा रविवार धरून, आधी सकाळची मिस्सा करून लोहगड किंवा राजमाचीला जावे. तो स्वतःही मित्रांना चढाईआधी मिस्साला नेत असे. पावसात दगड निसरडे असतात, म्हणून हट्टाने अवघड वाट धरू नये. परतीच्या वाटेवरचा कचरा एका पिशवीत भरून खाली आणला, तर सणाचे तिसरे अंगही पुरे होते. डोंगर जमत नसेल तर रिक्षाचे पैसे वाचवून पायी यावे आणि ते पैसे गरजू माणसाच्या हाती द्यावेत. ही रीत तर थेट त्याचीच आहे.

जुलैअखेर ते डिसेंबर या काळात विखुरलेले तीन दिवस एकाच खोलीतले आहेत. १५२५च्या सुमारास पॅरिस विद्यापीठाच्या सेंट बार्ब महाविद्यालयात पीटर फेबर आणि फ्रान्सिस झेवियर हे दोघे एका खोलीत राहत. १५२९ साली तिसरा जोडीदार आला. तो वयाने पंधरा वर्षांनी मोठा, लढाईत पाय जायबंदी झालेला आणि उशिरा शिकायला बसलेला होता. तो म्हणजे इग्नेशियस लोयोला. फेबर त्याला अभ्यासात मदत करी. झेवियरला मात्र हा नवा सोबती सुरुवातीला अजिबात पसंत नव्हता. १५ ऑगस्ट १५३४ रोजी या तिघांनी आणखी चौघांसह माँमार्त्रच्या टेकडीवर व्रत घेतले आणि त्यातून पुढे येशूसंघ उभा राहिला. मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज याच संघाने १८६९ साली काढले. तिघेही संत झाले. इग्नेशियसचा दिवस ३१ जुलै, फेबरचा २ ऑगस्ट आणि झेवियरचा ३ डिसेंबर. खोलीतल्या जोडीदाराशी बिनसलेल्या विद्यार्थ्याने यांतला एखादा दिवस राखून ठेवावा आणि त्या संध्याकाळी त्याला चहा पाजावा. जोडीदार कोणत्या धर्माचा आहे याने काही बिघडत नाही.

१५ ऑगस्टचा मरियेच्या स्वर्गउन्नयनाचा सोहळा भारतात झेंडावंदनाच्या दिवशी येतो. सुट्टी आयतीच मिळते. सकाळी कॉलेजचे झेंडावंदन आणि त्याआधी किंवा नंतर मिस्सा, असा बेत बसतो. ५ सप्टेंबरलाही असाच योग आहे. तो मदर तेरेसांचा मृत्युदिन, म्हणून त्यांचा स्मरणदिन, आणि आपल्याकडचा शिक्षकदिनही. शाळेतल्या एखाद्या शिक्षिकेला किंवा धर्मशिक्षण देणाऱ्या सिस्टरना त्या दिवशी फोन केला, तर दोन्ही साधतात.

८ सप्टेंबर हा मरियेचा जन्मदिन. मुंबईत त्याचे केंद्र वांद्र्याचा माऊंट मेरी डोंगर. ८ तारखेनंतरच्या रविवारी जत्रा सुरू होते आणि आठवडाभर चालते. चर्चबाहेरच्या दुकानांत मेणाचे हात, पाय, डोळे आणि घरे मांडलेली असतात. ज्याला जे हवे किंवा जे दुखते, त्याचा आकार घेऊन लोक वर जातात. रांगेत सगळ्या धर्मांची माणसे दिसतात. शनिवार-रविवारची गर्दी टाळून, कॉलेज सुटल्यावर आठवड्याच्या मधल्या दिवशी गेलेले बरे. गोवा आणि मंगळूरकडचे कॅथलिक या दिवशी मरियेला फुले वाहतात, नवे भात घरी आणतात आणि शाकाहारी जेवतात. या भागांतून आलेल्या विद्यार्थ्याला मेसची शाकाहारी थाळी त्या दिवशी तरी घरची आठवण देईल.

सप्टेंबरचा उत्तरार्ध म्हणजे सत्र परीक्षांचा काळ. त्यात १८ तारखेला कुपर्तिनोचा संत योसेफ येतो. १६०३ साली दक्षिण इटलीत जन्मलेला हा मुलगा अभ्यासात इतका कच्चा होता की फ्रान्सिस्कन मठात त्याला जनावरे राखायचे काम मिळाले. पुढे दीक्षेआधीच्या तोंडी परीक्षेत बिशपांनी शुभवर्तमान उघडले आणि नेमके तेच वाक्य विचारले, जे त्याला चांगले समजावून सांगता येत होते. त्यानंतरच्या परीक्षेत पहिल्या काही उमेदवारांनी इतकी चांगली उत्तरे दिली की बाकीच्यांना न विचारताच पास केले गेले. त्या बाकीच्यांत योसेफ होता. तेव्हापासून परीक्षार्थी त्याचा धावा करतात. त्याच्या भरवशावर पुस्तक बाजूला ठेवणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की ते एक वाक्य त्याने पक्के केले होते. हा दिवस पाळायची सोपी रीत म्हणजे वर्गातल्या मागे पडलेल्या मित्राला एक धडा समजावून द्यायचा.

ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. दहा-दहा मण्यांच्या पूर्ण पाच दशकांना वीस मिनिटांच्या आत-बाहेर वेळ लागतो. वसई-विरारहून लोकलने येणाऱ्या विद्यार्थ्याला तो प्रवासात मिळतो. गर्दीत माळ काढणे अवघड वाटले तर दहा मण्यांची बोटातली अंगठी मिळते, नाहीतर दहा बोटे आहेतच. याच महिन्याची २ तारीख रक्षकदूतांची आणि ४ तारीख असिसीच्या फ्रान्सिसची.

नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत आधी सर्व संत आणि मग सर्व मृतात्मे येतात. २ तारखेला घरोघरचे लोक कबरी साफ करून फुले वाहतात आणि मेणबत्त्या लावतात. दिवाळीची सुट्टी याच सुमारास आली तर विद्यार्थी घरी असतो. नसेल तर आजी-आजोबांची आणि इतर मृतांची नावे एका कागदावर लिहून जवळच्या चर्चमध्ये द्यावीत किंवा टेबलावर ठेवून प्रार्थना करावी. बऱ्याच विद्यार्थ्यांना आजोबांच्या वडिलांचे नावच ठाऊक नसते, म्हणून या निमित्ताने घरी फोन करावा लागतो. एवढ्यासाठीसुद्धा ही यादी करण्याजोगी आहे.

ख्रिस्तसभेचे नवे वर्ष आगमनकाळाने उजाडते. नाताळच्या आधीचे चार रविवार या काळात येतात आणि तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांदरम्यानच्या रविवारी सुरू होतो. या काळातली चार मेणबत्त्यांची आगमनमाळ आज बऱ्याच कॅथलिक चर्चमध्ये दिसते. तिची सुरुवात मात्र एका प्रॉटेस्टंट पाळकाने केली. हॅम्बुर्गमध्ये अनाथ मुलांचा आश्रम चालवणाऱ्या योहान हिनरिख विखर्न यांच्यामागे मुलांचा रोजचा लकडा असे, नाताळ कधी? १८३९ साली त्यांनी गाडीचे लाकडी चाक टांगून त्यावर रविवारसाठी मोठ्या आणि इतर दिवसांसाठी लहान मेणबत्त्या लावल्या. रोज एक पेटवायची, म्हणजे मुलांना दिवस मोजता येत. वसतिगृहात आग चालत नाही, म्हणून स्टीलच्या ताटलीत सेलवर चालणारे चार लहान दिवे गोल मांडावेत आणि मध्ये आवारातल्या अशोकाची किंवा क्रोटनची पाने ठेवावीत. तीन दिव्यांना जांभळा जिलेटीन कागद गुंडाळायचा आणि एकाला गुलाबी. पहिल्या रविवारी एक दिवा, दुसऱ्या रविवारी दोन, असे करत जायचे. गुलाबी दिव्याची पाळी तिसऱ्या रविवारी, कारण तो आनंदाचा रविवार. जांभळा हा पश्चात्तापाचा रंग आहे.

गोठ्याची प्रथा १२२३ सालची. असिसीच्या फ्रान्सिसने ग्रेच्चो गावात खरे गवत, खरा बैल आणि खरे गाढव आणून ख्रिस्तजन्माचा देखावा उभा केला. विद्यार्थ्याला बुटांचा खोका पुरतो. आतून खाकी कागद चुरगळून लावला की गुहा होते. १२-१५ डिसेंबरच्या सुमारास डब्याच्या झाकणात ओल्या कापसावर नाचणी किंवा गहू पेरावेत. आठ-दहा दिवसांत बोटभर हिरवे गवत उगवते, घटस्थापनेच्या धान्यासारखेच. पाणी शिंपडावे, ओतू नये, नाहीतर कापूस कुजतो. मूर्ती एकेक करून विकत घ्याव्यात आणि बाळाची गव्हाणी २४ तारखेच्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवावी.

कॉलेजात खेळण्यासारखा क्रिस-मा आणि क्रिस-चाइल्डचा खेळही याच काळातला. चिठ्ठीत ज्याचे नाव निघेल त्याची गुपचूप काळजी घ्यायची आणि शेवटच्या दिवशी नाव उघड करायचे. भेटवस्तूला रकमेची मर्यादा घातली नाही तर खेळ बिघडतो. पन्नास रुपये हा आकडा ठीक. बहुतेक विद्यार्थी प्रत्यक्ष नाताळला घरी असतात आणि परत येतात तेव्हा सण संपला असे समजतात. पंचांग तसे म्हणत नाही. नाताळचा काळ जानेवारीत प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. घरून आणलेल्या नेवऱ्या, कलकल आणि पेरूच्या चीजचा डबा वसतिगृहात उघडला, तरी ते नाताळातच बसते. त्याच दिवसांत तीन राजांचा सण येतो. युरोपात त्या दिवशी घराच्या दारावर खडूने नव्या सालाचे आकडे आणि कास्पर, मेल्किओर, बाल्थझार यांची आद्याक्षरे लिहितात. वॉर्डनला दारावरचा खडू आवडणार नाही, म्हणून तेच कागदाच्या पट्टीवर लिहून चिकटवावे.

२८ जानेवारी हा थॉमस अक्वायनसचा दिवस. विद्वान आणि विद्यार्थी या दोघांचा हा आश्रयदाता. १८८० साली पोप तेरावे लिओ यांनी त्याला कॅथलिक शिक्षणसंस्थांचा संरक्षक ठरवले. तो वारला ७ मार्च १२७४ रोजी, पण मार्चची ती तारीख बहुतेक वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात सापडे. म्हणून १९६९च्या फेररचनेत त्याचा दिवस जानेवारीत हलवला. ३ फेब्रुवारीला संत ब्लेझच्या दिवशी मिस्सानंतर फादर दोन मेणबत्त्या गळ्याशी धरून घशासाठी आशीर्वाद देतात. वक्तृत्व आणि गायन स्पर्धांच्या मोसमात तो फुकट मिळतो.

वसईच्या विद्यार्थ्यांना लगेच आपला संत आहे. गोन्सालो गार्सिया वसईत पोर्तुगीज वडील आणि स्थानिक आई यांच्या पोटी जन्मला. जपानात व्यापार केला, मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि जपानी भाषा येत असल्याने मिशनऱ्यांचा दुभाषा म्हणून परत गेला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत पंचवीस सोबत्यांबरोबर त्याला क्रुसावर मारले गेले. ८ जून १८६२ रोजी तो संत घोषित झाला. भारतात जन्मलेला हा पहिला संत. जागतिक पंचांगात या सव्वीस रक्तसाक्ष्यांचा दिवस ६ फेब्रुवारीला येतो. वसई किल्ल्यात त्याच्या नावाने ओळखले जाणारे चर्च आहे आणि गावातल्या महाविद्यालयालाही त्याचेच नाव आहे. त्या दिवशी किल्ला पाहावा आणि परक्या भाषेतले पाच-दहा शब्द शिकावेत.

फेब्रुवारीत कॉलेजे ज्या दिवसाची वाट पाहतात, तो १४ तारखेचा व्हॅलेंटाइन १९६९पासून जागतिक पंचांगात नाही. तिथे आता सिरिल आणि मेथोडियस आहेत. या दोघा भावांनी स्लाव्ह लोकांना त्यांच्या भाषेत धर्मग्रंथ दिले आणि त्यासाठी लिपी तयार केली. गुलाब द्यायला अर्थातच कोणाची हरकत नाही.

उपवासकाळाचा नियम कॉलेजच्या वयाशी नेमका भिडतो. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी उपास सांगितला आहे. तो अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे लागेपर्यंत पाळायचा असतो. मांस वर्ज्य करण्याचा नियम मात्र चौदा पूर्ण झाल्यापासून लागू होतो. म्हणजे बारावीपर्यंत फक्त मांस सोडणारा मुलगा पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी पहिल्यांदा उपासाला बांधला जातो. उपास म्हणजे दिवसातून एकच पोटभर जेवण. त्याखेरीज थोडे थोडे दोनदा खायला चालते, पण ते दोन्ही मिळून एका जेवणाएवढे होऊ नये. कोणते धान्य चालते आणि कोणते नाही, असा प्रश्न इथे नसतो. एकादशीला मेसमध्ये मिळणारी साबुदाणा खिचडी दोन ताटल्या खाल्ली तर कॅथलिक हिशेबाने तो उपास नव्हे आणि अर्धी पोळी खाल्ली तर उपास मोडत नाही. मेस मुळातच शाकाहारी असेल तर मांस सोडण्यात काही कष्टच उरत नाहीत. अशा विद्यार्थ्याने मोबाइलवरच्या मालिका, टपरीवरचा चहा किंवा रात्रीचा गेम सोडावा आणि वाचलेले पैसे दान करावेत. आजारी विद्यार्थ्याने उपास करू नये, नियमही तसे सांगत नाही.

ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान येतो आणि पुष्कळदा परीक्षेच्या ऐन धामधुमीत सापडतो. त्याआधीचा गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार रात्र, या तीनही दिवसांच्या विधींना हजर राहता आले तर उत्तम. एकच जमणार असेल तर शनिवारची जागरणाची मिस्सा चुकवू नये. अंधाऱ्या चर्चबाहेर नवा अग्नी पेटतो, त्यावर पुनरुत्थानाची मोठी मेणबत्ती लावतात आणि तिच्यावरून प्रत्येकाच्या हातातली पेटत जाते. वर्षातला सगळ्यांत सुंदर विधी हाच. सोमवारी पेपर असला तरी जेवणावळ बुडाली असे मानू नये. ईस्टरचा काळ पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अवतरणाच्या, सोहळ्यापर्यंत पन्नास दिवसांचा आहे, म्हणून शेवटचा पेपर संपल्यावर घातलेला मित्रांचा बेतसुद्धा ईस्टरचाच.

पेन्टेकॉस्टनंतरच्या तिसऱ्या शुक्रवारी येशूच्या पवित्र हृदयाचा सोहळा येतो. तो बहुतेक वर्षी कॉलेजे नव्याने उघडतात तेव्हा, जूनमध्ये असतो. शुक्रवारी मांस वर्ज्य असा ख्रिस्तसभेचा सर्वसाधारण नियम आहे, पण शुक्रवारी सोहळा आला तर तो नियम त्या दिवसापुरता उठतो. पवित्र हृदयाचा सोहळा नेहमीच शुक्रवारी येतो, म्हणून त्या दिवशी चिकन बिर्याणी खायला मुभा आहे.